दार मधोमध नाही? प्रवेशाची सजावट आणि दिवे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लॅटचं मुख्य दार भिंतीच्या बरोबर मध्यावर क्वचितच सापडतं. एका अंगाला लिफ्टची भिंत किंवा डक्ट, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांची चौकट, आणि उरलेल्या जागेत आपलं दार. रो हाउसमध्ये गाडीला जागा सोडायची म्हणून दार कडेला सरकतं. मग तोरण आणलं, दिवे आणले, कुंड्या आणल्या की प्रश्न पडतो, हे सगळं मांडायचं कसं? लोक ज्या शंका पुन्हा पुन्हा विचारतात त्या इथे घेतल्या आहेत. बहुतेक उदाहरणं फ्लॅटची आहेत. रो हाउस आणि बंगल्यांसाठी पुढे वेगळा प्रश्न आहे.

दार एका बाजूला आहे म्हणजे प्लॅन चुकलाय का?

नाही, उलट बहुतेक वेळा तो विचार करूनच केलेला असतो. दहा-अकरा फुटी हॉलच्या मधोमध दार आलं की भिंतीचे दोन निरुपयोगी तुकडे पडतात. ना सोफा बसत, ना टीव्हीचं युनिट. दार कोपऱ्यात सरकवलं की आत एक सलग भिंत मिळते. जुन्या वाड्यांतही रोजची ये-जा मोठ्या दरवाज्यातून होत नसे. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याच्या एका फळीत माणूस जाईल एवढी दिंडी, म्हणजे छोटं दार, आहे, आणि ती अर्थातच मध्यावर नाही. तो दरवाजा बघताना कुणाला ते खटकत नाही.

वास्तुशास्त्रात कडेचं दार चालतं का?

मानणाऱ्यांसाठी सांगायचं तर, परंपरेनेच दार मध्यावरून सरकवलेलं आहे. ८१ पदांच्या, म्हणजे चौकोनी घरांच्या, वास्तुमंडलात प्रत्येक बाजूला ९ पदं येतात. पूर्वेच्या बाजूचं मधलं पद सूर्याचं, पण दारासाठी शुभ सांगितली जातात ती त्याच्या अलीकडची जयंत आणि इंद्र ही पदं. म्हणजे ‘दार मधोमधच हवं’ हा आग्रह वास्तूचा नाही, आपल्या डोळ्यांचा आहे. न मानणाऱ्यांनी हा प्रश्न सोडून पुढे जावं.

दोन्ही बाजूंना सारखे दिवे आणि सारख्या कुंड्या लावल्या तर दार मध्यावर असल्यासारखं वाटेल ना?

वाटणार नाही. सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा बाहेरची भिंत ८ फूट आहे. दार चौकटीसकट साडेतीन फूट. डावीकडे उरले ९ इंच, उजवीकडे पावणेचार फूट. आता दोन सारखे ब्रॅकेट दिवे आणले. डावा दिवा ९ इंचांत कोंबला जातो, त्याची काच शेजारच्या भिंतीला जवळजवळ टेकते. उजवा दिवा चौकटीपासून तेवढ्याच अंतरावर लावला, की त्याच्यापलीकडे तीन फूट कोरी भिंत उरते. मुळात नुसतं कडेला असलेलं दार आता ओढून-ताणून मध्यावर बसवल्यासारखं दिसतं. कुंड्यांचंही तेच. डावीकडची कुंडी पायात येते आणि सफाईवाल्या मावशी तिला आठवड्याभरात उजवीकडे सरकवतात. त्यांचा निर्णय बरोबर असतो.

त्याऐवजी दार आणि शेजारची रुंद भिंत मिळून एकच चित्र समजा. दार हा त्यातला उंच, गडद, जड भाग. त्याला तोल द्यायचा तर रुंद भिंतीवर एकच ठसठशीत गोष्ट हवी. तागडीत एका पारड्यात दोन किलोचं माप आणि दुसऱ्यात दोन किलो कांदे असले तरी काटा मध्येच राहतो, तसंच हे. दोन्हीकडे सारखी वस्तू लागत नाही, सारखं वजन लागतं.

मग रुंद भिंतीवर नेमकं काय लावायचं?

एकच मोठी गोष्ट, किंवा एकत्र दिसेल असा एकच गट. पावणेचार फुटांच्या भिंतीवर दोन ते अडीच फूट रुंदीचा ऐवज शोभतो: लाकडी जाळीचा पॅनल, पितळी किंवा टेराकोटाचं काम, वारलीचा मोठा कापडी तुकडा. वारली लावायचीच असेल तर छापील स्टिकर न घेता पालघर-डहाणूकडच्या कलाकारांनी हाताने रंगवलेलं घ्या. पॅसेजमध्ये लोक अगदी फुटावरून बघतात, छपाई लगेच कळते.

गटाचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या आसपास ठेवा. खाली एखादी उंच कुंडी ठेवली की झालं. पॅसेजमध्ये ऊन येत नाही, तेव्हा स्नेक प्लांट, झेडझेड प्लांट किंवा मनी प्लांट. तुळस तिथे ठेवू नका. तिला रोज काही तास चांगलं ऊन लागतं. अंधाऱ्या पॅसेजमध्ये ती महिन्याभरात काड्या होते आणि मग घरात उगाच चर्चा सुरू होते.

छोट्या छोट्या दहा वस्तू टांगू नका. तीन फ्रेम, दोन घंटा, एक विंड चाइम आणि ‘वेलकम’ची पाटी लावली की भिंत भेटवस्तूंच्या दुकानासारखी होते.

आणि अरुंद बाजूचं काय?

रिकामी सोडा. फार तर बेलचं बटण, आणि कुलूप त्या बाजूला असेल तर नेमप्लेट.

दिवा कुठे लावायचा? दाराच्या मध्यावर, की भिंतीच्या मध्यावर?

दोन्ही नाही, आधी कुलूप बघा. दाराबाहेरच्या दिव्याची कामं तीन: किल्लीचं भोक दिसलं पाहिजे, बाहेर उभ्या माणसाचा चेहरा दिसला पाहिजे, आणि उंबरा दिसला पाहिजे. पॅसेजच्या मधोमध छताला असलेला सोसायटीचा दिवा यातलं एकही काम नीट करत नाही. तुम्ही दाराकडे तोंड करून उभे राहिलात की तो पाठीमागे येतो आणि तुमचीच सावली कुलपावर पडते.

म्हणून दिवा कुलपाच्या बाजूला, चौकटीपासून सहा ते दहा इंच अंतरावर, जमिनीपासून साडेपाच ते सहा फुटांवर. उजेड वर-खाली दोन्हीकडे पडणारा घेतला तर खाली उंबरा उजळतो आणि वर भिंतीवर छान पट्टा उमटतो. काच दुधी असावी. पारदर्शक काचेतला उघडा बल्ब डोळ्यांच्या रेषेत आला की पाहुणा डोळे किलकिले करत आत येतो.

कुलूप रुंद बाजूला असेल तर सोनं. तोच दिवा भिंतीच्या सजावटीचाही भाग होतो.

कुलूप अरुंद बाजूला आहे आणि बिजागऱ्या रुंद बाजूला. आता?

इथे आधी सेफ्टी डोअर बघायला हवं. मुख्य दार आत उघडतं, पण जाळीचं दार बहुतेक ठिकाणी बाहेर उघडतं. बिजागऱ्या रुंद बाजूला असतील तर ते पूर्ण उघडल्यावर त्याच भिंतीवर जाऊन टेकतं आणि तिथली साधारण तीन फूट जागा व्यापतं. तुम्ही हौसेने लावलेला ब्रॅकेट दिवा पहिल्याच आठवड्यात, गॅसचा सिलिंडर आत घेताना, त्या लोखंडी दाराचा फटका खातो.

उपाय तीन. एक, जमिनीवर डोअर स्टॉपर बसवून जाळीचं दार काटकोनाच्या थोडंच पुढे जाईल एवढंच उघडू द्या. हा स्वस्त आणि मला सगळ्यात पटणारा मार्ग. फक्त जड सामान आत न्यायचं असेल त्या दिवशी स्टॉपर काढता येईल असा घ्या. दोन, रुंद भिंतीवर फक्त चपट्या गोष्टी ठेवा: रंग, टाइल, भिंतीला घट्ट बसलेला पॅनल. तीन, फॅब्रिकेटरला बोलावून जाळीच्या दाराच्या बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला करून घ्या. मात्र मग आतलं दार एका हाताला आणि जाळीचं दुसऱ्या हाताला उघडतं; पिशव्या घेऊन आत शिरताना रोज गिरकी घ्यावी लागते. घरात म्हातारी माणसं असतील तर हा तिसरा उपाय टाळा.

अशा दाराला दिवा चौकटीच्या वर लावावा, पण चौकटीच्या मध्यावर नव्हे, कुलपाच्या बाजूला थोडा सरकवून आणि तोंड खाली करून. चौकटीवर जागाच नसेल तर छताला फिरवता येणारा छोटा स्पॉट लावून त्याचा झोत कुलपावर घ्या.

उजेड पिवळा की पांढरा?

पिवळा. खोक्यावर २७०० ते ३००० केल्विन लिहिलेलं असतं, दुकानदार त्याला वॉर्म व्हाइट म्हणतो. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा उजेड दवाखान्याच्या व्हरांड्यात ठीक. पांढऱ्या-निळसर उजेडावर किडेही जास्त येतात, पावसाळ्यात तर फारच. पॅसेजमध्ये सोसायटीची पांढरी ट्यूब असेल तर तुमचा पिवळा दिवा तिच्यापुढे फिका पडेल असं वाटतं, पण तो दाराजवळ असल्यामुळे दाराचा भाग उबदार होऊन उठून दिसतो. आपल्याला तेच हवं आहे.

रांगोळीचे आणि लाकडाचे रंग खरे दिसायला हवे असतील तर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० किंवा जास्त असलेला बल्ब मागा. मोठ्या दुकानात मिळतो.

किती वॉटचा? रात्रभर चालू ठेवला तर बिल वाढेल ना?

दुधी काचेतल्या ब्रॅकेटला ५ ते ७ वॉटचा एलईडी पुरतो. हिशेब करून बघा: ५ वॉटचा दिवा रोज १२ तास, ३० दिवस चालला तर १.८ युनिट होतात. ९ वॉटचा असेल तर सव्वातीन युनिटच्या आत. तेव्हा बिलाच्या भीतीने दार अंधारात ठेवू नका. सेन्सरचा दिवा घ्यायचा तर त्याचं तोंड लिफ्टकडे नको. नाहीतर कुणीही चौथ्या मजल्यावर उतरलं की तुमचा दिवा लागतो आणि दारामागचा कुत्रा भुंकतो.

भिंत न फोडता नवीन पॉइंट घेता येईल का?

बहुतेक वेळा येतो. दारातून आत आल्यावर हाताशी असलेला स्विचबोर्ड बघा. तो सहसा कुलपाच्या बाजूलाच असतो, म्हणजे बाहेर दिवा हवा आहे त्याच्या जवळपास पाठीमागेच. तिथून भिंतीत आरपार भोक पाडून वायर बाहेर काढली की बाहेरची भिंत चरायची गरज नाही. अंतर जास्त असेल तर केसिंग-पट्टी मारा आणि तिला भिंतीचाच रंग द्या. भोक पाडण्याआधी तिथे कॉलम नाही ना, हे मात्र बघून घ्या. आरसीसीच्या कॉलममध्ये ड्रिल चालवायचं नाही.

एक नेहमीचा गोंधळ: ‘बेलच्या बटणातूनच वायर घ्या ना’ असं पुष्कळजण सुचवतात. साध्या बेलच्या बटणाच्या डब्यात फेज आणि बेलकडे जाणारी वायर एवढंच असतं, न्यूट्रल नसतो. तिथून दिवा लागत नाही. दिवा बेलच्या वायरींना कसाबसा जोडून ‘लागतो की’ म्हणणाऱ्या माणसाला नम्रपणे घरी पाठवा.

पॅसेजच्या दिव्याच्या पॉइंटवरूनही आपला दिवा घेऊ नका. तो सोसायटीच्या मीटरवर असतो. पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय निघतो, आणि मग दोन तास तोच निघतो.

रुंद बाजूला एवढी जागा आहे तर तिथे शूरॅक ठेवलं तर?

मोह होतो खरा. पण पॅसेज सगळ्यांचा असतो आणि आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ चा अधिनियम आहे, आणि सुटकेचे मार्ग मोकळे ठेवणं हा अग्निसुरक्षेचा पहिला नियम. सोसायटीची नोटीस येण्याची वाट बघू नका. शूरॅक दाराच्या आत घ्या. आजकाल सात-आठ इंच खोलीचे, तिरप्या कप्प्यांचे रॅक मिळतात, ते दारामागच्या भिंतीवर बसतात. बाहेर एक पायपुसणं पुरे. कुंडीसुद्धा वाटेत येत असेल तर आत. मोठ्या कुंडीऐवजी भिंतीवरची सजावट निवडण्याचं हेही एक कारण.

नेमप्लेट दारावर की भिंतीवर?

भिंतीवर, कुलपाच्या बाजूला, दिव्याच्या खाली. दारावर लावली तर जाळीच्या दारामागे ती अर्धी लपते. उंची पाच फुटांच्या आसपास. कुलूप अरुंद बाजूला असेल तर तिथे उभी, अरुंद पाटी करून घ्या, मराठीत नावं एकाखाली एक सुरेख बसतात. पितळेवर कोरलेली अक्षरं दिव्याच्या उजेडात चमकतात आणि वाचता येत नाहीत. गडद पाटीवर फिकट अक्षरं किंवा त्याच्या उलट घेतलेलं बरं.

तोरण भिंतभर लावावं का, म्हणजे दार मोठं दिसेल?

नको. तोरण चौकटीचंच. चौकटीच्या आतल्या रुंदीएवढं, फार तर दोन्हीकडे खाली चार-चार बोटं सुटेल एवढं. सेफ्टी डोअर असेल तर तोरण बाहेरच्या चौकटीला बांधलं की दार उघडताना झेंडू चिरडतात; आतल्या चौकटीला बांधा, जाळीतून दिसतंच. आंब्याचे टाळे वाळले की काढा. दसऱ्याचं तोरण दिवाळीपर्यंत ठेवणारी घरं मला ठाऊक आहेत, पण वाळकी पानं पणतीच्या वर नकोत.

रांगोळी उंबऱ्याच्या मध्यावर काढायची की मोकळ्या जागेत?

कडेच्या दाराचा खरा फायदा रांगोळीत आहे. मध्यावरच्या दारासमोर मोठी रांगोळी काढली की ती ओलांडायची कशी हा प्रश्न. इथे उंबऱ्यापाशी छोटी स्वस्तिक-पावलांची ओळ काढा, आणि तिथून वेल फिरवत रुंद भिंतीखाली नेऊन मोठी रांगोळी तिकडे काढा. येणाऱ्याची वाट मोकळी राहते आणि रांगोळी संध्याकाळपर्यंत टिकते. चैत्रांगण काढणाऱ्या घरांना तर ही जागा वरदान आहे. त्यातल्या एवढ्या चिन्हांना चौरस जागा लागते. भिंतीच्या कडेला पडणारा दिव्याचा तिरपा उजेड रांगोळीचे कण उठावदार करतो. वरून सरळ पडणाऱ्या उजेडात तीच रांगोळी सपाट दिसते.

फरशी गुळगुळीत ग्रॅनाइटची असेल तर आधी ओल्या गेरूचा हात द्या, रंग धरतात.

आकाशकंदील, माळा आणि गुढी?

कंदील दाराच्या वर नको. रुंद भिंतीच्या साधारण मध्यावर, डोक्याला लागणार नाही अशा उंचीवर टांगा. दार एका अंगाला, कंदील दुसऱ्या अंगाला: वर्षभर जी एक ठसठशीत गोष्ट तिथे असते, तिची जागा दिवाळीत कंदील घेतो.

दिव्यांची माळ चौकटीभोवती तिन्ही बाजूंनी फिरवण्यापेक्षा रुंद भिंतीवर पडद्यासारखी उभी सोडा. सेफ्टी डोअरच्या जाळीत माळ गुंफू नका. दार दिवसातून पन्नासदा उघडतं, वायर बिजागरीपाशी चिरडते, आणि लोखंडी जाळीत करंट उतरू शकतो. घराच्या डीबीत (मुख्य स्विचच्या पेटीत) ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच, आहे का, हे दिवाळीआधी इलेक्ट्रिशियनला विचारा. त्याचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का तेही बघा.

पणत्या उंबऱ्याच्या दोन्ही कडांना खुशाल सारख्या ठेवा. त्यांचा संबंध उंबऱ्याशी, भिंतीशी नाही. जाळीच्या दाराच्या वाटेत येणार नाहीत आणि ओढणीच्या टप्प्याबाहेर राहतील एवढं बघा.

गुढी बहुतेक घरांत आतून बाहेर बघताना उजव्या हाताला उभारतात. ती बाजू नेमकी नऊ इंचांची निघाली तर साडीच्या निऱ्या घट्ट करून बांधा, किंवा सरळ गॅलरीत उभारा. शहरातल्या निम्म्या गुढ्या तिथेच असतात.

आमचं रो हाउस आहे. दार दर्शनी भागाच्या एका टोकाला आहे. वेगळं काय करावं?

इथे माणूस दार लांबून बघतो, त्यामुळे पहिलं काम वाट दाखवण्याचं. फाटकापासून दारापर्यंतचे दिवे पायांच्या उंचीवर, एकाच बाजूने लावा. गाडीच्या जागेत छताला जोरदार पांढरी ट्यूब आणि दाराशी मिणमिणता बल्ब असं असेल तर रात्री पाहुणा गाडीकडेच जातो. ट्यूबचं बटण वेगळं ठेवा, दाराचा दिवा घराच्या दर्शनी बाजूचा सगळ्यात ठळक दिवा असू द्या.

दिव्यावरचा आयपी आकडा तो धूळ-पाणी किती अडवतो ते सांगतो. पोर्चखाली आडोशाला आयपी ४४ चा दिवा चालतो, उघड्यावर आयपी ६५. कोकणात आणि घाटमाथ्यावर पाऊस आडवा येतो, तिथे पोर्चखालीही ६५ च घ्या आणि वायर दिव्यात खालून शिरेल असं करा; वरून घातली तर पाणी तिच्यावरूनच आत उतरतं. समुद्राजवळ पावडर कोटिंग केलेलं साधं लोखंड दोन पावसाळ्यांत फुगतं. पितळ किंवा चांगल्या प्रतीचं प्लॅस्टिक बरं.

दाराच्या उलट्या टोकाला बोगनवेल किंवा चाफ्याचं झाड असेल तर त्याच्या बुंध्याशी एक छोटा दिवा लावा. दर्शनी भागाचा तोल त्यानेच सांभाळला जातो.

दाराला कोणता रंग द्यावा?

लाकूड चांगलं असेल तर पॉलिशच. रंग द्यायचाच तर एक युक्ती आहे: चौकटीपासून रुंद बाजूच्या दीड-दोन फूट भिंतीला दाराशी जुळणारा गडद रंग किंवा लाकडी पट्ट्यांचा पॅनल द्या. दार आणि पॅनल मिळून एकच रुंद दार दिसतं आणि ते भिंतीच्या मध्याकडे सरकतं. बाहेरची भिंत सोसायटीची असते, तेव्हा कमिटीला आधी विचारा.

आत शिरल्यावरची भिंत कशी ठेवावी?

दारामागे सरळ हॉल दिसत असेल तर आतली कडेची भिंत किल्ल्या, छत्री आणि टेकून चप्पल घालायला स्टूल यांची. आरसा लावा, पण दाराच्या समोर नको, बाजूच्या भिंतीवर. वास्तू बाजूला ठेवली तरी दार उघडताक्षणी स्वतःचाच चेहरा समोर बघून माणूस दचकतो. पीओपीचं काम व्हायचं असेल तर दारापाशी एक दिवा वेगळ्या बटणावर मागून घ्या. रात्री उशिरा येणाऱ्यासाठी अख्खा हॉल उजळावा लागत नाही.

भाड्याचं घर आहे, खिळाही ठोकू देत नाहीत.

चार्जिंगचा सेन्सर दिवा, मागे चुंबक असलेला. सेफ्टी डोअर लोखंडी असेल तर त्याच्या स्थिर चौकटीवर, कुलपाच्या बाजूला तो तसाच चिकटतो. ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस असेल तर चुंबक सहसा धरत नाही, म्हणून आधी फ्रिजवरचं एखादं चुंबक नेऊन बघा. सजावटीसाठी चौकटीला तोरण आणि रुंद बाजूला, वाटेत येत नसेल तर, एक उंच कुंडी. घर सोडताना दोन्ही टेम्पोत टाकता येतात आणि डिपॉझिटमधून काही कापलं जात नाही.